मदत आणायला गेलेला माणूस

माझ्या बहिणीचा नवरा रोझेर बारिबो हा आमच्या नदीवरचा सगळ्यात प्रसिद्ध मासेमार होता, आणि त्याने आयुष्यात एकही मासा धरला नव्हता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. मी त्याची मेव्हणी आहे, हिवाळाभर त्याच्याच केबिनींतून शेगड्या पेटवत फिरते. त्याने मासा धरला असता तर मला दिसलं असतं.

सेंत-आन नदी गोठली की आमच्या गावाला बर्फावर दुसरं गाव फुटतं. नाताळच्या सुमाराला पुलामों नावाची वीतभर मासळी अंडी घालायला वर येते आणि आम्ही तिच्या डोक्यावर रंगीत लाकडी केबिनी ओढून नेऊन ठेवतो. केबिनीत लोखंडी शेगडी, बसायला बाक, आणि भिंतीलगत जमिनीला एक लांब चीर. चिरेखाली बर्फ फोडलेला, त्याच्याखाली काळं पाणी. वरच्या दांडीवरून दोऱ्या सोडायच्या, गळाला डुकराच्या कलेजीचा तुकडा लावायचा, दोरीला बांधलेली आगकाडी हलली की ओढायचं. यात शौर्य काही नाही. माझी आत्या एका हाताने पत्ते खेळायची आणि दुसऱ्या हाताने मासे काढायची. पण रोझेरच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, देवमाशाशी झुंज चालली आहे.

हा मूळचा नदीवरचा नव्हेच. त्र्वा-रिव्हियेरहून बुटांचे नमुने घेऊन गावोगाव हिंडायचा. पायात टोकदार बूट, केसांना तेल, अंगाला अत्तर. चर्चच्या सभागृहात नाच होता तिथे त्याने लॉरेटला, माझ्या थोरल्या बहिणीला, गाठलं आणि रात्रभर बोलत राहिला. दुसऱ्या रविवारी तो जेवायला आला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "लॉरेट, याचे हात बघितलेस? आपल्या पाद्रीबुवांचे हात याच्यापेक्षा रापलेले आहेत."

"हात माझ्याकडे आहेत, बाबा," लॉरेट म्हणाली. "आपल्या घरात बोलणारंच कुणी नाही."

ते खरं होतं. आमच्या घरात मीठ मागायचं तरी लोक बोटाने दाखवायचे. पण म्हणून बोलणारा माणूस लग्न करून घरात आणायचा? रेडिओ आणला असता.

बाबा गेल्यावर केबिनी लॉरेटच्या झाल्या आणि पाटीवर नाव लागलं 'रोझेर बारिबो, मासेमार'. पाटी त्यानेच रंगवून आणली होती. त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरली ती अशी. उजाडायच्या आत लॉरेट आणि मी बर्फावर उतरायचो, शेगड्या पेटवायचो, चिरेत धरलेला बर्फ फोडायचो, कलेजी कापायचो. रोझेर दहाच्या सुमाराला येऊन काठावरच्या तिकिटाच्या खोपटासमोर उभा राहायचा. अंगात रकूनच्या कातड्याचा कोट, डोक्यावर केसाळ टोपी, मिशीला मेण. मासे धरायला आलेल्या हौशी गिऱ्हाइकांची बस थांबली की याचे दोन्ही हात वर.

"या! या! रोझेरची मासळी तुमची वाट बघतेय!"

बर्फावर मात्र तो पाऊल टाकायचा नाही. काठावरून खाली जाणारा जो लाकडी उतार आहे त्याच्या शेवटच्या फळीपर्यंत त्याचं राज्य. पुढे गिऱ्हाइकांना लॉरेट घेऊन जायची. इतक्या वर्षांत दर वेळी काहीतरी निघायचंच. कधी गुडघा, कधी कान, कधी 'फोन येणार आहे'. मी रोज विचारायचे, "काय भावोजी, आज तरी येताय का खाली?"

"ओदेत, कुणीतरी वर लक्ष ठेवायला नको का?"

"कशावर? नदी पळून जाणार आहे का?"

हेही मी पचवलं असतं. पण त्याने बाबांची घोडी चोरली, ते नाही पचलं. म्हणजे गोष्ट चोरली. बाबा तरुण असताना केबिनी घोड्याने ओढत. एका वर्षी बर्फ कच्चा होता, त्यांची मार्कीझ नावाची घोडी मागच्या पायांनी खाली गेली. बाबांनी तिचा साज कापला, लगाम धरून ठेवला, आणि शेवटी सोडला. त्या दिवसानंतर ते ट्रॅक्टर घेईपर्यंत केबिनी माणसं लावून स्वतः ओढत. दुसरी घोडी त्यांनी बर्फावर नेली नाही. रोझेरच्या गोष्टीत बाबा नव्हतेच. रोझेरच होता. तो पाण्यात उडी मारतो, घोडीच्या पोटाखाली खांदा घालतो, तिला वर काढतो, आणि घोडी त्याच्या हातातून सफरचंद खाते. बसमधल्या बायका डोळे पुसायच्या. मी एकदा ते ऐकत कलेजीची बादली घेऊन उभी होते. ती बादली त्याच्या टोपीवर रिकामी करायला मी निघालेच, तर लॉरेटने माझी बाही धरली.

"सांगू दे गं. त्याच्या गोष्टीत घोडी वाचते ना."

"आणि बाबा? बाबा कुठे गेले त्या गोष्टीतून?"

"बाबा सांगायचे तेव्हा ती दर वेळी बुडायची. लहानपणापासून मी तिला बुडताना ऐकलंय." ती बादली उचलून चालू लागली.

माझी बहीण अशी. तिच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही.

मग माँत्रियालहून टीव्हीवाले आले. मिरेय नावाची एक बाई, टाचेचे बूट घालून, आणि तिच्याबरोबर खांद्यावर कॅमेरा घेतलेले दोघे. रोझेरने त्यांना उतारावर उभं राहून घोडी सांगितली, हाताने मासे पकडले ते सांगितलं, बर्फाची जाडी आपण जिभेने चाखून ओळखतो असं काहीतरी सांगितलं. मिरेयबाई खूश. मग म्हणाल्या, "आता केबिनीत चला. तुम्ही मासे काढताना दाखवायचंय."

"आज गुडघा जरा..." रोझेर म्हणाला.

शेजारच्या केबिनींचा मालक, म्हातारा क्लेओफास, तिथेच पाइप ओढत उभा होता. "रोझेर, बर्फावर बूट टेकतात," तो म्हणाला. "गुडघे टेकायला चर्च आहे."

कॅमेरे चालू होते. जाणं भाग होतं. त्याने लॉरेटचा दंड असा काही घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं. चालताना मिरेयबाईंना सांगत होता, "बायकांना बर्फावर आधार लागतो." मी मागून चालत होते. त्याची पावलं बघत होते. एकेक पाऊल तो गरम तव्यावर ठेवल्यासारखं ठेवत होता.

केबिनीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. एक कॅमेरावाला आत, एक बाहेर. रोझेरच्या हातात दोरी दिली. मिरेयबाईंनी विचारलं, "आमिष म्हणून काय लावता?"

"अनुभव," रोझेर म्हणाला.

लॉरेटने खालून हात घालून त्याच्या गळाला कलेजीचा तुकडा लावला.

तेवढ्यात ओहोटी लागली. आमची नदी भरती-ओहोटीची आहे. पाणी उतरतं तसा बर्फ खाली बसतो आणि काठाजवळ तडकतो. दिवसातून दोनदा होतं हे. बंदूक उडाल्यासारखा आवाज येतो, केबिन जराशी हलते, शेगडीवरची किटली खणखणते. आमच्याकडची तान्ही पोरंसुद्धा त्याने जागी होत नाहीत.

कडाड् झालं. दोरी पाण्यात गेली, बाक उलटा झाला, आणि रोझेर दाराबाहेर. जाताना त्याने दार असं काही आपटलं की बाहेरची लाकडी खिटी आपोआप पडली. आम्ही आत कोंडलो गेलो. त्याची बायको, त्याची मेव्हणी, पाहुण्या बाई आणि एक कॅमेरावाला.

मिरेयबाई पांढऱ्याफटक. "आपण बुडतोय का?"

"नाही हो. ओहोटी लागलीय," लॉरेट म्हणाली. तिने बाक सरळ केला, बाईंच्या हातात नवी दोरी दिली. "आता मासे चांगले लागतात. बसा. नाहीतरी दार बाहेरून लागलंय."

बाईंनी दोन काढले. तेवढ्यात क्लेओफासने येऊन खिटी उचलली. आत डोकावून म्हणाला, "रोझेर आत्ता इथून गेला. गावात काही पेटलंय का?"

रोझेर सापडला बेकरीत, पिठाच्या पोत्यांमागे, एका पायात बूट नाही. बेकरीवालीने विचारलं होतं, काय झालं? तर म्हणाला, "मदत आणायला आलोय." कसली मदत? "मिळेल ती." आणि तिने धीर यावा म्हणून दिलेली साखर भरलेली पेस्ट्री निम्मी खाल्लेली.

बाहेरच्या कॅमेरावाल्याने सगळं टिपलं होतं. त्या आठवड्यात संध्याकाळच्या बातम्यांनंतर ते दाखवलं. कोट पंखांसारखा उघडलेला, टोपी उडालेली, तोंड आ वासलेलं. उतारावर बूट निसटतो तरी हा थांबत नाही. सगळा प्रांत हसला. गावाने तर पोट धरलं. दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो विचारी, "काय रोझेर, मदत मिळाली का?" केस कापायला गेला तिथे न्हावी. चर्चमध्ये मागच्या बाकावरून. गाडीत पेट्रोल भरताना. पाद्रीबुवांनी प्रवचनात संकटकाळी धावून येणाऱ्यांचा उल्लेख केला आणि मग त्यांनाच खोकला आला.

रोझेर घरात बसला. मिशीला मेण लावणं सुटलं. सपाता घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा, कुणी दिसलं की पडदा ओढायचा. आणि बोलायचा नाही. माझ्या बहिणीने ज्याच्यासाठी त्याला घरात आणलं तेवढंही आता बंद. मला त्याची दया आली का? नाही. माझी बहीण बंद दाराआड सोडून पळालेल्या माणसाची मला दया येत नाही. लॉरेटने मात्र त्या पळण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याचा हरवलेला बूट नदीवरून शोधून आणला, शेगडीपाशी वाळवला आणि दाराशी ठेवला.

आता गावाची गंमत ऐका. टीव्हीवर बघून शहरातली माणसं बसा भरभरून यायला लागली. उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "तो पळालेला माणूस कुठाय?" मासे कुणाला हवे होते! तेव्हा केबिनवाल्यांच्या मंडळाचे चार पुढारी, ज्यांनी रोझेरला हसून हसून घरात बसवलं होतं तेच, जिन दारूची बाटली घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. टोप्या गुडघ्यावर. एकाने घसा साफ केला.

"रोझेर, गावाला तुझी गरज आहे."

रोझेर आपल्या सपातांकडे बघत राहिला.

"दर रविवारी... म्हणजे तुझी हरकत नसेल तर... तू पुन्हा पळशील का?"

मला वाटलं, आता हा उठेल आणि यांना बाटलीसकट बाहेर काढेल. त्या क्षणी त्याने तसं केलं असतं तर मी त्याला जन्मात टोमणा मारला नसता. त्याने मान वर केली. डोळ्यांत ते जुनं पाणी चमकलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

आणि तो पळायला लागला. काठाला अगदी लागून, जिथे बर्फाखाली पाणी नाही, नुसती गोठलेली वाळू आहे, तिथे त्याने एक केबिन लावून घेतली. लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारायचे, कुणीतरी पत्र्याच्या पिंपावर दणका घालायचं, आणि रोझेर दारातून सुटायचा. लोक आरोळ्या ठोकायचे. पुढच्या पुढच्या रविवारी त्याने त्यात सुधारणा केल्या. बूट मुद्दाम सैल बांधायचा म्हणजे नेमका निघेल. टोपी हाताने उडवायचा. उतारावर चढताना मागे वळून ओरडायचा, "थांबा, मदत आणतो!" लोक लोळायचे. मिशीला पुन्हा मेण लागलं. घरी येऊन आज टाळ्या कशा पडल्या ते तो जेवताना सांगायचा. लॉरेट ताटात बघून जेवायची.

हंगामातल्या शेवटच्या रविवारी गर्दी अफाट होती. लॉरेटने मंडळाला सांगितलं, आज नदीच्या मधल्या केबिनीतून पळू दे, सगळ्यांना दिसेल. मंडळाला पटलं. रोझेरला तिने जेवणाआधी सांगितलं, तेव्हा दोन प्याले त्याच्या पोटात होते आणि गर्दीचा आवाज घरापर्यंत येत होता. "मधून? मधूनच बरं," तो म्हणाला. क्लेओफासच्या बर्फगाडीवर बसून, प्रेक्षकांना हात हलवत, तो तिथे गेला. मी आत शेगडीत लाकडं सारत होते. रोझेर आत आला, मागोमाग लॉरेट आली, आणि तिने दाराला आतून अडसर लावला.

"हे काय?"

"बस," लॉरेट म्हणाली.

बाहेर पिंपावर दणका पडला. गर्दीने आरोळी दिली. रोझेरने दाराकडे पाऊल टाकलं. लॉरेट दाराला पाठ लावून उभी होती. आमच्या बाबांची रुंद पाठ तिला मिळाली आहे.

"लॉरेट, लोक थांबलेत."

"थांबू देत. त्या दिवशी तू पळालास, मी तुला काही बोलले? घाबरला होतास, पळालास. इतक्या वर्षांत या बर्फावर तू तेवढी एकच गोष्ट खरी केलीस. तिचीही जत्रा करून टाकलीस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी लाकडं सारत राहिले. पुन्हा पिंप वाजलं. पुन्हा. लाउडस्पीकरवाला त्याच्या नावाने कोकलत होता. आणि मग पिंप नाही, खालून, पायाखालून आवाज आला. ओहोटी. किटली खणखणली. रोझेरचा चेहरा राखेसारखा झाला. तो बाकावर बसला, दोन्ही हातांनी बाक धरला. मी बादली त्याच्यापुढे सरकवली ती वेळेवर सरकवली. जिन, सूप, सगळं आलं.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," लॉरेट म्हणाली. "ओदेतलाही नाही. इथे पोहायला कोण येतं?"

तो रडत होता. मेण लावलेल्या मिशा ओल्या होऊन खाली आलेल्या. "मला खालचं पाणी ऐकू येतं. पहिल्या हिवाळ्यापासून. सकाळी तू बर्फावर उतरलीस की मला ते घरातसुद्धा ऐकू येतं. तू परत येईपर्यंत येत राहतं."

लॉरेटचा चेहरा जरासा हलला. ती विरघळणार असं मला दिसलं, आणि मला ते सहन झालं नाही.

"म्हणून पळताना तिच्यावर दार लावून घेतलंत, भावोजी?" मी म्हणाले.

त्याचं तोंड उघडलं, मिटलं. आणि मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच, त्याने उत्तर बनवलं नाही.

बाहेर लोक शिट्ट्या मारून, मग कंटाळून, मग थंडीने कुडकुडून पांगायला लागले. लॉरेट त्याच्या शेजारी बसली, गळाला कलेजी लावली, दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली. दर वेळी बर्फ तडकला की तो दचकायचा, पण दोरी सुटली नाही. बहुधा बोटंच आखडली होती. आगकाडी हलली. "ओढ," लॉरेट म्हणाली. त्याने ओढली. गळाला पुलामों होता, तपकिरी, पोटाकडे पांढरा, शेपूट मारत. लॉरेटने त्याला हातमोजा काढायला लावला. त्याने मासा मुठीत धरला आणि टक लावून बघत राहिला.

"किती लहान आहे हा," तो म्हणाला.

"मग तुला काय वाटलं होतं?"

"नाही... रोज बर्फावर ढीग पडलेला बघतो. पण एकेकटा..." इतक्या बसगाड्यांना ज्या माशाचे पराक्रम सांगितले, तो हातात आल्यावर या माणसाकडे शब्द नव्हते.

आम्ही दार उघडलं तेव्हा दोनचार टवाळ अजून थांबले होते. त्यांनी ठेवणीतला प्रश्न विचारला. रोझेर म्हणाला, "नाही मिळाली," आणि चालत राहिला. पळाला नाही. लॉरेटचा दंड धरला होता, पण या वेळी आधार कोण कुणाला देतंय याबद्दल काही बोलला नाही.

हे सगळं झाल्यावर रोझेर सुधारला असं सांगायला मला आवडलं असतं. कसला सुधारतोय! बर्फ वितळायच्या आत तो बेकरीत सांगत होता की, नदी फुटत असताना आपण कसे शांतपणे मासे काढत बसलो आणि दोन घाबरलेल्या बायकांना धीर दिला. बादलीचा त्यात उल्लेख नव्हता. मंडळ त्याच्यावर चिडलं होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पलीकडच्या गावचा एक धट्टाकट्टा गडी आणला, त्याला केसाळ टोपी घातली, आणि दर रविवारी पळायला लावलं. अजून पळतात, गडी बदलत राहतात. लोकांना फरक कळत नाही. आमच्या गावालाही आताशा कळेनासा झाला आहे. लहान मुलांना सांगतात की ही फार जुनी रीत आहे.

एवढं मात्र झालं. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या दिवशी, अंधुक उजेडात, आम्ही दोघी उतारावरून खाली गेलो तर मागे बूट वाजले. रोझेर लाकडांची मोळी घेऊन येत होता, डोळे जवळजवळ मिटलेले, ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होता की शिव्या देत होता कोण जाणे. मी काहीतरी बोलणार होते. लॉरेटने माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं.

तेव्हापासून तो रोज येतो. म्हातारा झालाय, एका कानाने ऐकू येत नाही, आणि पाण्याकडचा कान तोच असावा म्हणून केबिनीत तो नेहमी एकाच बाजूला बसतो. ओहोटीच्या वेळी अजूनही हिरवा पडतो. घोडी अजूनही वाचवतो. त्याला आम्ही कलेजी कापायचं काम दिलंय आणि तेही त्याला येत नाही. नखाएवढा तुकडा हवा तिथे हा अंगठ्याएवढा कापतो. मासा कडेकडेने खाऊन जातो, गळ रिकामा.

"भावोजी, ही कलेजी मासे धरायला आहे, त्यांना जेवायला बोलवायला नाही," मी ओरडते.

"खाऊ देत गं," तो म्हणतो. "एवढ्या लांबून येतात."

आणि गिऱ्हाइकांकडे वळून पुन्हा सुरू होतो. मग मी सुरी घेऊन त्याच्या पाठीमागे बसते आणि सगळी कलेजी नव्याने कापते.